रघुनाथ धोंडो कर्वे : संततिनियमन, न्याय आणि मराठी गद्य

१

मराठीच्या वाङ्मयेतिहासात रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांचा निर्देश बहुधा नियतकालिकांच्या संदर्भात होतो. समाजसुधारणेच्या इतिहासात तो महर्षी कर्वे यांचे चिरंजीव म्हणून होतो. दोन्ही ठिकाणी त्यांच्या धैर्याचा आदरपूर्वक उल्लेख केला जातो आणि विषय पुढे सरकतो. परंतु हे धैर्य नेमके कशासाठी होते, हा प्रश्न पुरेशा बारकाईने विचारला जात नाही. लैंगिक विषयांवर निर्भीडपणे लिहिणारा लेखक ही त्यांची ओळख खरी असली तरी अपुरी आहे.

प्रस्तुत लेखात कर्वे यांचे जीवनकार्य एका मर्यादित प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचे आहे. नको असलेली गर्भधारणा टाळण्याचा आणि गुप्तरोगांपासून बचाव करण्याचा खर्च कोणी सोसावा, हा तो प्रश्न होय. येथे खर्च हा शब्द केवळ पैशापुरता घेतलेला नाही. शरीराची झीज, जिवाचा धोका, लोकापवाद आणि अज्ञानाची किंमत या सर्वांचा त्यात समावेश होतो. आज आरोग्य विम्याच्या संदर्भात गर्भनिरोधनाचा खर्च विम्यात धरावा की धरू नये, असा जो वाद होतो, त्याचे मूळ रूप कर्वे यांच्या लेखनात आणि जीवनात सापडते. हा भार समाज स्त्रीवर टाकतो आणि त्यालाच नीती म्हणतो, हे त्यांच्या विवेचनाचे मर्म आहे.

२

रघुनाथराव यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. धोंडो केशव कर्वे आणि राधाबाई यांचे ते ज्येष्ठ अपत्य. १८९१ मध्ये राधाबाईंचा बाळंतपणात मृत्यू झाला, त्या वेळी रघुनाथराव नऊ वर्षांचे होते. त्याच वर्षी वडील पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या ज्ञातिबांधवांचा बहिष्कार पत्करला. बाळंतपणात गेलेली आई आणि सुधारणेपायी वाळीत पडलेले वडील यांचा मुलाच्या मनावर काय परिणाम झाला, याविषयी तर्क करण्याचा मोह चरित्रकाराला होणे स्वाभाविक आहे. तो मोह आवरलेला बरा. इतके मात्र निश्चित म्हणता येईल की, बाळंतपण ही स्त्रीच्या जिवावर बेतणारी घटना असू शकते, ही गोष्ट त्यांना ग्रंथांतून शिकावी लागली नाही.

विद्यार्थी म्हणून त्यांची कारकीर्द उज्ज्वल होती. १८९९ मध्ये ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि १९०४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले. पुढे त्यांनी गणिताच्या अध्यापनाचाच पेशा स्वीकारला. पितापुत्रांचा विषय एक होता आणि स्त्रियांच्या स्थितीविषयीची आस्थाही समान होती. मार्ग मात्र वेगळे झाले. महर्षींनी विधवेला आश्रय, शिक्षण आणि अर्थार्जनाचे साधन देण्याचे कार्य हाती घेतले. समाजाचा विरोध टप्प्याटप्प्याने मावळावा अशी त्यांची कार्यपद्धती होती. रघुनाथरावांनी सधवेच्या प्रश्नाला हात घातला. विवाहित स्त्रीला आपल्या शरीरावर अधिकार आहे काय आणि किती मुलांना जन्म द्यावयाचा हे तिने ठरवावयाचे की नाही, असे ते प्रश्न होते. विधवेची दया समाजाला येऊ शकत होती. सधवेच्या अधिकाराची भाषा मात्र घराघरांतील पुरुषाला थेट प्रश्न विचारणारी होती. पित्याच्या वाट्याला अखेर सन्मान आला आणि पुत्राच्या वाट्याला खटले आले, याचे एक कारण विषयाच्या या भेदात शोधावे लागते.

३

१९१९ मध्ये रघुनाथराव गणिताच्या उच्च अध्ययनासाठी पॅरिसला गेले. फ्रेंच भाषेचे ज्ञान आणि युरोपातील लैंगिक विज्ञानाच्या साहित्याशी आलेला परिचय यांचा त्यांच्या पुढील कार्याशी निकटचा संबंध आहे. परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. त्याआधी पाच वर्षे, १९१६ मध्ये, मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात उघडलेले केंद्र पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद पाडले होते. हे सनावळीचे तपशील एवढ्यासाठी महत्त्वाचे आहेत की, मुंबईतील हा प्रयत्न पाश्चात्त्य चळवळीचे उशिरा आलेले अनुकरण नव्हता. तो तिचा समकालीन होता.

या कार्यात पत्नी मालतीबाई यांचा सहभाग मोलाचा होता. स्त्रियांना पुरुषासमोर जे बोलता येत नसे ते ऐकून घेणारी स्त्री केंद्रात असणे, ही त्या काळी केंद्राच्या अस्तित्वाचीच अट होती. पतिपत्नींनी विचारपूर्वक अपत्य होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता आणि रघुनाथरावांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करवून घेतली. या गोष्टीकडे चरित्रातील एक विलक्षण तपशील म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ती त्यांच्या विचारातील सर्वांत सुसंगत कृती आहे. संतती नको हा निर्णय दोघांचा असेल, तर त्यासाठी करावयाच्या उपायाचा भार पुरुषानेही उचलला पाहिजे, हे तत्त्व त्यांनी लेखनाआधी आचरणात आणले.

१९२३ मध्ये त्यांचा ‘संततिनियमन : विचार व आचार’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तकही त्यांनी लिहिले. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. त्या काळी गुप्तरोग हे पापाचे फळ मानले जाई आणि त्यावरील प्रतिबंधक साधनांचा प्रसार म्हणजे पापाला उत्तेजन, असा आक्षेप घेतला जाई. कर्वे यांची भूमिका अशी की, रोग हा रोग असून त्याचा विचार वैद्यकाच्याच कसोटीवर व्हावयास हवा. शिवाय या तथाकथित शिक्षेचा न्याय असा की, बाहेर जाणाऱ्या पतीपासून हा रोग घरातील पत्नीला होतो आणि तिच्यापासून मुलाला. ज्याने कर्म केले त्याच्याइतकेच, पुष्कळदा त्याच्याहून अधिक, ज्यांनी काहीच केले नाही त्यांनी भोगावे, ही व्यवस्था नैतिक कशी ठरते, या प्रश्नाला रूढिवाद्यांकडे उत्तर नव्हते.

त्या वेळी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. हे महाविद्यालय ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालविलेले होते. संततिनियमनाचा उघड प्रचार व्यवस्थापनास मानवला नाही आणि १९२५ मध्ये कर्वे यांना राजीनामा द्यावा लागला. हिंदू सनातनी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे इतर बाबतींत एकमत होणे दुर्मीळ होते, या विषयात मात्र ते झाले. प्राध्यापकाचे नियमित वेतन गेले आणि पुढचे सारे आयुष्य आर्थिक ओढगस्तीत गेले.

४

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादन, बहुतेक लेखन आणि मासिकाच्या व्यवहाराचा भार कर्वे यांनी जवळजवळ एकट्याने सव्वीस वर्षे वाहिला. संततिनियमन, गुप्तरोग, विवाहसंस्था, वेश्याव्यवसाय, नग्नता, धर्मचिकित्सा आणि आहार असे त्याचे विषय होते. मासिकाच्या मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्रांमुळे ते बदनाम झाले आणि अनेक घरांत लपवून वाचले गेले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे भाषेकडे लक्ष दिले पाहिजे. लैंगिक व्यवहाराविषयी शिष्ट मराठीत त्या काळी दोन प्रकारे बोलता येत असे. एक संस्कृतप्रचुर आडपडद्याची भाषा आणि दुसरी शिवराळ भाषा. पहिलीतून सामान्य वाचकाला काही कळत नसे आणि दुसरीतून कळले तरी त्याला ज्ञानाची प्रतिष्ठा नसे. कर्वे यांनी या दोहोंमधील जागा शोधली. त्यांचे वाक्य लहान, सरळ आणि अलंकारविरहित असते. आधी प्रतिज्ञा, मग तिची उपपत्ती, मग आक्षेपाचे निरसन, ही गणितातील सिद्धतेची रीत त्यांच्या निबंधांत सर्वत्र आढळते. ‘शारदेची पत्रे’ या सदरात त्यांनी स्त्रीच्या नावाने उपहासाचा वापर केला, तेथेही तर्काची साखळी तुटत नाही. ‘आधुनिक कामशास्त्र’ (१९३४) या ग्रंथात हीच शैली दीर्घ विवेचनाला वापरलेली आहे.

या शैलीचे महत्त्व केवळ वाङ्मयीन नाही. याच सुमारास, १९२७ मध्ये, ना. सी. फडके यांचे याच विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ते इंग्रजीत होते आणि त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. इंग्रजी वाचणाऱ्या पुरुषाला हे ज्ञान दुकानातून विकत घेता येत होते. ज्या स्त्रीला त्याची खरी गरज होती तिला मराठी अक्षरओळख असली तरी पुष्कळ झाले. ज्ञान ज्या भाषेत उपलब्ध असते त्या भाषेच्या वाचकांपुरतेच ते वाटले जाते. म्हणून मराठीतून आणि तेही सोप्या मराठीतून लिहिणे, हा कर्वे यांच्या लेखी वाटपाच्या न्यायाचा भाग होता. त्यांचे गद्य रूक्ष आहे, असा शेरा मारणाऱ्या समीक्षकाने ही बाजू विचारात घ्यावयास हवी.

मासिकातील प्रश्नोत्तरांचे सदर या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, लग्नातील अतृप्ती, गर्भनिरोधक साधनांचा वापर अशा विषयांवर वाचक लिहून विचारीत आणि कर्वे त्यांना भीती न घालता उत्तरे देत. श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या पत्रव्यवहाराचा अभ्यास केला असून, त्यात मध्यमवर्गीय पुरुषांच्या चिंतांचे चित्र उमटलेले त्यांनी दाखविले आहे. हा निष्कर्ष कर्वे यांच्या कार्याची पोहोच आणि मर्यादा दोन्ही सांगतो. ज्या स्त्रीसाठी हे सारे लिहिले जात होते, तिची पत्रे तुलनेने कमी होती. तिच्यापर्यंतचा रस्ता पतीच्या हातांतून जात होता.

५

१९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला आणि त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला झाला. त्यात कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही आणि लोक प्रश्न विचारीत असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. एप्रिल १९३४ मध्ये दोनशे रुपये दंडाची शिक्षा झाली. १९४० मध्ये पुन्हा एकदा कर्वे यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आंबेडकरांच्या सहभागाकडे एका वकिलाचे औदार्य म्हणून पाहणे पुरेसे नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूति-लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाळंतपणाचा भार एकट्या स्त्रीवर न टाकता तो मालकाने आणि समाजाने उचलावा, हे त्यामागील तत्त्व होते. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या साधनांचा प्रसार सरकारने करावा असा ठराव मांडला. तो नामंजूर झाला. १९२८ चे विधेयक, १९३४ चा खटला आणि १९३८ चा ठराव या तीन घटना एका ओळीत ठेवल्या म्हणजे एक संगती लागते. मूल होण्याचा खर्च सार्वजनिक मानला, तर मूल न होऊ देण्याचा खर्च खाजगी कसा मानता येईल, हा त्या संगतीचा आशय होय. कर्वे यांनी या प्रश्नाची वैचारिक बाजू तयार केली आणि आंबेडकरांनी तिला विधिमंडळाचे दार दाखविले, असे म्हणता येईल.

विरोध केवळ सनातन्यांकडून होता असे नाही. गांधीजींनी कृत्रिम साधनांना विरोध करून संयमाचा पुरस्कार केला होता आणि १९३५ च्या डिसेंबरमध्ये वर्ध्यास आलेल्या सँगर यांच्याशी झालेल्या चर्चेतही त्यांनी ती भूमिका सोडली नाही. ब्रह्मचर्याचा हा उपाय कर्वे यांनी अमान्य केला. संयम पाळावयाचा की नाही हे व्यवहारात पती ठरवितो आणि त्याचा संयम सुटल्याची फळे पत्नीला भोगावी लागतात. त्यामुळे संयमावर उभारलेली योजना स्त्रीला पुरुषाच्या मर्जीवर सोडते. स्त्रीच्या हाती स्वतःचे साधन असले पाहिजे, या त्यांच्या आग्रहाचे कारण हे आहे. स्त्रीलाही कामसुखाचा समान अधिकार आहे, हे त्यांचे मत याच विचारातून पुढे येते आणि त्याबद्दल त्यांना सर्वाधिक निंदा सोसावी लागली.

६

कर्वे यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यातील उणिवा झाकण्याचे कारण नाही. त्यांचा भर व्यक्तीच्या विवेकावर होता. शास्त्रीय माहिती मिळाली की माणूस योग्य निर्णय घेईल, असा त्यांचा विश्वास होता. साधन विकत घेण्याची ऐपत, ते वापरण्यासाठी लागणारा एकांत आणि पाणी, वैद्यकीय तपासणीची सोय, या गोष्टी गिरणगावातील एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला कोठून मिळाव्यात, हा प्रश्न एका व्यक्तीच्या केंद्राला आणि मासिकाला सुटण्यासारखा नव्हता. तो संस्थात्मक प्रश्न होता. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये सरकारी रुग्णालयांतून संततिनियमनाची सोय केली होती, परंतु ब्रिटिश मुंबईत तसे घडले नाही. मुखपृष्ठावरील चित्रांनी आणि संपादकाच्या कडवट स्वरानेही काही सहानुभूतिदार दुरावले असतील.

१९४४ मध्ये मालतीबाई निवर्तल्या. त्यानंतरची नऊ वर्षे कर्वे यांनी मासिक एकट्याने चालविले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. जगात असा कार्यक्रम अधिकृतपणे स्वीकारणारे भारत हे पहिले राष्ट्र मानले जाते. ज्या प्रचारासाठी कर्वे यांना नोकरी गमवावी लागली, तो प्रचार आता शासनाचे धोरण झाला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले आणि नोव्हेंबर १९५३ च्या अंकाबरोबर ‘समाजस्वास्थ्य’ थांबले. महर्षी कर्वे तेव्हा हयात होते. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

पुण्यात संततिनियमनाचे कार्य करणाऱ्या शकुंतला परांजपे यांनी ही परंपरा पुढे नेली आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन तिची दखल घेतली गेली. य. दि. फडके यांचे चरित्र, अनंत देशमुख यांनी संपादित केलेले समग्र साहित्य, अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट आणि अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक यांमुळे कर्वे विस्मृतीतून बाहेर आले आहेत.

७

कर्वे यांनी विचारलेला प्रश्न मात्र निकालात निघालेला नाही. शासनाने कार्यक्रम स्वीकारला तो प्रामुख्याने लोकसंख्येच्या चिंतेतून. कर्वे यांनी तो मांडला होता स्त्रीच्या अधिकारातून. या दोन प्रेरणांमधील अंतर १९७६ च्या सक्तीच्या नसबंदीत उघड झाले. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचा अवलंब केलेल्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के आढळले. पुरुषावरील शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची असूनही हे चित्र आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या गणिताच्या प्राध्यापकाने ती शस्त्रक्रिया स्वतःवर करवून घेतली, त्याला हे समीकरण सर्वस्वी असमतोल वाटले असते.

विम्याच्या क्षेत्रातही हीच विषमता वेगळ्या रूपाने दिसते. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विमा योजनेत पुढे नसबंदीसाठी पूर्ण वेतनाइतका लाभ देण्याची तरतूद झाली. तो पुरुषाला सात दिवस आणि स्त्रीला चौदा दिवस मिळतो. गर्भनिरोधन हा विम्याने सोसावयाचा खर्च आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले. याउलट विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळण्याच्या बाबींची जी प्रमाणित शब्दरचना ठरवून दिली, तिच्यात वंध्यत्वावरील उपचारांबरोबर कोणत्याही प्रकारचे गर्भनिरोधन आणि नसबंदी यांचा समावेश होता. शासकीय कार्यक्रमात २००५ मध्ये विमा आला, तो नसबंदी अयशस्वी झाल्यास किंवा तीत मृत्यू ओढवल्यास भरपाई देण्यासाठी. म्हणजे साधन पुरविण्यासाठी विमा नव्हता, साधन फसल्यावर मात्र होता. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने बाधितांना विमा नाकारण्यातील अन्याय्य भेदभावाला प्रतिबंध केला. रोगाला पापाचा शिक्का मारून मदत नाकारू नये, हे कर्वे यांचे म्हणणे अशा रीतीने एका रोगापुरते का होईना कायद्यात आले.

विम्याचे तत्त्वच मुळी असे आहे की, एकावर कोसळणारा भार अनेकांनी थोडा थोडा वाटून घ्यावा. कोणता भार वाटून घ्यावयाचा आणि कोणता ज्याच्या त्याच्या अंगावर ठेवावयाचा, हे गणित ठरवीत नाही. ते समाजाची मूल्ये ठरवितात. गर्भनिरोधन ही इच्छेची बाब म्हणून ते वगळले जाते, तेव्हा ती इच्छा कोणाची आणि तिचे परिणाम कोणाच्या शरीरावर, हा कर्वे यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

कर्वे यांना केवळ निर्भीड लेखक म्हणून गौरविणे सोपे आहे, कारण त्या गौरवात आपल्याला काही द्यावे लागत नाही. त्यांच्या गद्याचा अभ्यास मराठी निबंधाच्या इतिहासात, आगरकरांच्या बुद्धिवादी परंपरेच्या पुढील टप्प्यावर, स्वतंत्रपणे व्हावयास हवा. तो करताना त्यांच्या वाक्यरचनेतील काटेकोरपणा आणि त्यांच्या न्यायविचारातील काटेकोरपणा या दोन वेगळ्या गोष्टी मानता येणार नाहीत. ‘समाजस्वास्थ्य’च्या अंकांतील प्रश्नोत्तरे, त्यांची परिभाषा आणि त्यांतून घडलेला वाचकवर्ग हे पदव्युत्तर संशोधनाचे अद्याप पुष्कळसे मोकळे असलेले क्षेत्र आहे.